चासीच्या पोटातली काळी माती

एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडीची चासी गंजते असं सांगितलं तर मालवणचा माणूस हसेल. त्याच्याकडे खारा वारा आहे आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस आहे. लातूरला तो सात-आठशे, नांदेडला नऊशेच्या आसपास. तरी या भागात शेडमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या जीपखाली आडवं होऊन पाहा. चासी वरून काळीभोर, चकचकीत. स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार.

दोष आपल्या काळ्या मातीचा. तिच्यातलं चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि मिळेल तिथं चिकटतं. पावसाळ्यात शिवारात जाऊन आलेल्या गाडीत हा चिखल स्प्रिंगच्या ब्रॅकेटमागे, आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांत आणि चासीच्या पोकळीत बसतो. रस्ता दोन दिवसांत वाळतो, आतला चिखल आठवडेच्या आठवडे ओला राहतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि ओलसर माती दोन्ही पुरवते. त्यात वॉशिंग सेंटरवर बोअरचं जड पाणी मारलं जातं. पाणी उडून जातं, क्षार राहतात, ते पुन्हा हवेतली ओल ओढतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे दोन पत्र्यांच्या मधे शिरला, की सांधा फुगवून उसवतो.

आपल्याकडे जपण्यासारखी जुनी गाडी म्हटली की बहुधा जीपच निघते. महिंद्रानं १९४७ पासून विलीस जीप मुंबईत जोडायला घेतली, आणि पुढे ती साखर कारखान्यापासून तहसील कचेरीपर्यंत सगळीकडे पोचली. तिच्या चासीच्या दोन लांब पट्ट्या पन्हाळीसारख्या एका बाजूनं उघड्या असतात. पुढच्या भागात मात्र त्या बंद करून पेटी केलेली असते. उघडी पन्हाळ निदान दिसते, हात घालून साफ करता येते. पेटीत काय चाललंय ते कळतच नाही.

हा घोळ फक्त जीपचा नाही. १९६२ साली आलेल्या ब्रिटिश लोटस इलान या स्पोर्ट्‌स कारची बॉडी फायबरग्लासची, पण खाली पत्रा वाकवून केलेली पोलादी चासी. तिच्या पुढच्या आडव्या पेटीचाच उपयोग व्हॅक्यूमची टाकी म्हणून केला होता, आणि त्या व्हॅक्यूमवर हेडलाइट वर उचलले जात. पेटी गंजून भोक पडलं की दिवे वर राहीनात! गंजाची इतकी प्रामाणिक सूचना देणारी गाडी दुसरी नसावी. लोटसनं १९८० पासून एस्प्री या आपल्या दुसऱ्या गाडीच्या चासीला गॅल्व्हनायझिंग केलं, म्हणजे साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात ती बुडवून काढली. जस्त आधी झिजतं, पोलाद वाचतं. आपल्या जुन्या चासीला हा उपाय मी सहसा सुचवणार नाही. उष्णतेनं ती पिळवटू शकते, आणि पुरेशी भोकं नसतील तर बंद पेटीत अडकलेली वाफ धोकादायक ठरते.

आपल्या हातातलं काम साधं आहे, फक्त क्रम चुकवू नये. आधी लहान हातोडीनं चासी वाजवत जा; खणखणीत आवाज म्हणजे पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तिथं खडूनं खूण करा. तळाची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा, माती धुऊन काढा, कॉम्प्रेसरची हवा मारा आणि गाडी ऑक्टोबरच्या उन्हात चांगली तापू द्या. ओल्या पोकळीवर काहीही मारलं तरी फुकट.

सुट्या भागांसाठी उसाच्या या मुलखाकडे एक जुना इलाज आहे: मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, त्यात ब्रॅकेट आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचं. मळीतले घटक गंजातलं लोह धरून सोडवतात, चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. ॲल्युमिनियम मात्र त्यात चुकूनही टाकू नये, ते खाल्लं जातं. वास भयंकर येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, तेव्हा ती रीतसरच घ्यावी.

सडलेला पत्रा चांगल्या धातूपर्यंत कापूनच नवा जोडावा. जुन्यावर नुसती पट्टी चढवली की मधे ओल साठायला नवी जागा तयार होते. वेल्डिंगआधी बॅटरी सोडायची, पेट्रोलची टाकी उतरवायची. बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. नुसतं रेड ऑक्साईड मारून सोडून देतात ते चूक, कारण ते ओल पुरती अडवत नाही. सगळ्यात शेवटी पोकळीत लांब नळीच्या नोझलनं मेण मारायचं. ते वेल्डिंगनंतरच, नाहीतर जळून जातं. शिवाय भोकं पुन्हा बुजली नाहीत ना, हे बघायचं.

जळकं ऑइल मारायची आपल्याकडची पद्धत पूर्ण टाकाऊ म्हणता येणार नाही, उघड्या लोखंडापेक्षा ते बरं. पण त्यानं रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते, आणि थेंब थेंब गळून जमीन खराब होते ती वेगळीच. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री आवळून बांधणं तर थेट नुकसान. खाली रात्रभर घाम धरतो. सुती कापड घाला आणि वारा खेळू द्या.

चासी वाचवण्याला कायद्याचंही कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, खासगी वापराची गाडी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये आणि फेरनोंदणीला ५ हजार. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चासी-बॉडीत मोठा फेरबदल झालेला नको. चासीवर ठोकलेला नंबर गंजानं खाल्ला किंवा उत्साही कारागिरानं ग्राइंडरनं घासून टाकला, तर आरटीओत चासी प्रिंट कशाची देणार? काम सुरू करण्याआधी त्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या, फोटो काढा, आणि तिथं ग्राइंडर लावू नका असं कारागिराला बजावून सांगा. दिवाळीला गाडीवर खर्च करायला पैसे मोजकेच असतील, तर बाहेरचा चकचकीत रंग पुढच्या वर्षावर ढकला आणि आधी चासीच्या आतलं काम उरकून घ्या.