राबता असलेल्या वास्तू

पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला तो ऐषआरामासाठी, १८०७च्या सुमारास. त्याला तो सुखाने लाभला जेमतेम दशकभर. पेशवाई बुडाली आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. डेक्कन कॉलेजचे मूळ तिथले. १८७९ मध्ये आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभारला गेला. मग नगरपालिकेचा कारभार आला, टपाल कचेरी आली, सरकारी ग्रंथालय आले. सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांशेजारून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आपापल्या कामाला येत-जात राहिली. हा वाडा इतिहासप्रेमींनी वाचवला असे म्हणणे सोपे आहे. माझ्या मते तो आधी या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचवला.

साताऱ्यातही हेच दिसते. छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात शाळेचे वर्ग भरू लागले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव त्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. राजवाड्याचे एवढे मोठे भाग्य त्याच्या राजेपणात नव्हते, वर्गखोल्यांत होते.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी, कारण तिथे वास्तू पहिल्यापासूनच लोकांसाठी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झाले. शेजारी खासबागेचे कुस्तीचे मैदान. एका भिंतीपलीकडे पद, दुसरीकडे पेच, आणि प्रेक्षक बहुधा तेच! ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पुरातत्त्वाशी सुतराम संबंध नसलेली माणसे त्या राखेपुढे उभी राहून रडली. होते तसेच बांधा, ही मागणी गावातून आली, तज्ज्ञांच्या समितीतून नव्हे. ज्या रंगमंचावर आपल्या पोराने बालनाट्यात काम केले, तो कुठल्या यादीत आहे हे कोण विचारतो?

याद्या नकोत असे नाही. मुंबईची १९९५ची वारसा नियमावली देशातली अशी पहिली. ती नसती तर दक्षिण मुंबईचा चेहरा ओळखू आला नसता. पण यादीत नाव चढले म्हणून गळके छप्पर शाकारले जात नाही. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना त्या काळी आधार मिळाला हे खरेच. पुढे मात्र भाड्यात कौल बदलायचेही पैसे निघेनात. मालक वाडा पडायची वाट पाहू लागले, भाडेकरू टेकू लावून दिवस काढू लागले, आणि बिल्डर दोघांशी गोड बोलू लागला. जुन्या पेठांमधले कितीतरी वाडे या तिढ्यात गेले.

जे दुरुस्त झाले, त्यांतलेही काही दुरुस्तीनेच बिघडले. जुन्या बांधकामातला चुना घाणीत मळायचा: दगडी चाक, बैल, चुना, वाळू, विटांची सुरखी. त्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, कुठे भिजवलेले उडीद. अशी भिंत ओल आत घेते आणि बाहेरही टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आतच कोंडते, दगडाचे पापुद्रे सुटतात, भिंतीत शिरलेली तुळईची टोके कुजतात. वरून रंग झकास! सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करणाऱ्या कचेरीला हा फरक कागदावर दिसत नाही, आणि घाणीवर उभा राहणारा गवंडी मग दुसरे काम धरतो.

चांगली उदाहरणेही आहेत. मुंबईच्या राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले, पुढे मरगळले. महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन २००३ मध्ये एकत्र आले, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारे पुन्हा उघडली. गोव्यात रेईस मागूसचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. २०१२ पासून तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रे पाहायला मिळतात.

वापर बदलला की भले होतेच, असा समज मात्र मुंबईच्या गिरणगावात टिकत नाही. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१च्या नियमाने तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागा, घरे आणि मालक. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. फिनिक्स मिलची चिमणी आजही उभी आहे, मॉलच्या आवारात. वास्तुजतनाच्या हिशेबात ही जमेची बाजू. त्या गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालले, त्यांना तिथे आता विकत घेण्याजोगे फारसे काही नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम काढले आहे. तिथे मागांइतकीच चाळीतली भजनी मंडळे आणि खानावळवाल्या बायाही दिसाव्यात.

आणि पुण्याचा भिडेवाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. खाली दुकाने, वर पडझड, आणि वर्षानुवर्षे कोर्टकज्जे. निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन लागला तेव्हा जतन करण्याजोगे फार उरले नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये वाडा रात्रीतून पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. त्याच्या आराखड्यात शिल्पे असतील, प्रकाशयोजना असेल. पेठेतल्या मुलींना संध्याकाळी बसून अभ्यास करता येईल अशी एक खोली त्यात आधी आखावी, आणि तिची किल्ली कोणाकडे राहील तेही लिहून ठेवावे.