ट्रॅक्टरची पुढची चाके

बैलगाडी कुरकुरू लागली की जुनी माणसे लगेच सांगत, "आस कोरडा पडला. वंगण घाला." ट्रॅक्टरही असाच बोलतो. त्याचे बोलणे आपण समजून घेतले पाहिजे.

गावोगाव आज जुने ट्रॅक्टर आहेत. इंजिन ठणठणीत असते, पण रस्त्याला लागले की स्टेअरिंग थरथरते. गाडी एका बाजूला ओढते. पुढचे टायर लवकर झिजतात. मालक म्हणतो, "चालतंय तोवर चालू द्या." आम्ही म्हणतो, असे करू नका. मागे उसाची भरलेली ट्रॉली असते. बाजूला कालवा असतो. समोरून शाळेची मुले येत असतात. अशा वेळी पुढचे चाक हुकुमात नसेल तर काय होईल?

पुढच्या चाकांची रचना आधी पाहू. ज्या ट्रॅक्टरची फक्त मागची चाके ओढतात, त्याबद्दल आपण बोलत आहोत. पुढे एक आडवा आस असतो. आसाच्या दोन्ही टोकांना एकेक उभी जाड खीळ असते. तिला किंगपिन म्हणतात. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे चाक या किंगपिनवर डावीउजवीकडे वळते. चाकाच्या आत दोन बेअरिंगे असतात. त्यांच्यावर चाक गरगर फिरते. दोन्ही चाके बरोबर वळावीत म्हणून त्यांना जोडणारा लोखंडी दांडा असतो. तो टाय रॉड. त्याच्या टोकांना बॉल जॉइंट असतात.

हे सारे भाग धुळीत आणि चिखलात काम करतात. ग्रीस मिळाले नाही तर ते एकमेकांना खातात. मग ढिलेपणा येतो. मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात.

दोष कसा शोधावा? क्रमाने शोधावा.

पहिली गोष्ट हवा. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा आहे का? एकात कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. किती हवा भरावी ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात छापलेले असते. पुष्कळांचे निम्मे दुखणे इथेच बरे होते.

दुसरी गोष्ट टायरची झीज. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते. मधला भाग झिजला तर हवा जास्त आहे. टायरवर आडवा हात फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांची दिशा चुकली आहे.

तिसरी गोष्ट ढिलेपणा. ट्रॅक्टर सपाट, कडक जागेवर उभा करा. इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा. मागच्या चाकांना पुढूनमागून दगड लावा. आसाखाली जॅक लावून एकच चाक उचला. लगेच आसाखाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. जॅक घसरायला क्षण पुरतो.

आता चाक वर आणि खाली धरून हलवा. दुसऱ्या माणसाने आतून बघावे. चाक हलते पण त्याच्या आतला दांडा स्थिर राहतो, तर बेअरिंग ढिले आहे. दांडाही चाकाबरोबर हलतो, तर किंगपिन किंवा तिचा बुश झिजला आहे. मग चाक डावीउजवीकडे धरून हलवा. असे केल्यावर ढिलेपणा लागला तर बॉल जॉइंट तपासा. शेवटी चाक हाताने फिरवा. खरखर आवाज आला तर बेअरिंग खराब झाले आहे.

बेअरिंग बदलणे, किंगपिन काढणे ही कामे जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्यावीत. पण दोष कुठे आहे हे आपल्याला कळले, तर विनाकारण दुसरेच सामान गळ्यात पडत नाही.

ढिलेपणा काढल्यावरच चाकांची दिशा बघायची. खिळखिळ्या दाराला रंग देऊन काय उपयोग?

पुढची दोन्ही चाके अगदी समांतर नसतात. पुढच्या बाजूने ती किंचित आत वळलेली असतात. असे का? ट्रॅक्टर चालताना जमीन चाकांना मागे रेटते. जोडांतल्या थोड्या सैलपणामुळे चाके पुढून फाकू पाहतात. आधीच थोडी आत ठेवली म्हणजे चालताना ती सरळ होतात. हा फरक थोड्या मिलिमीटरांचाच असतो. नक्की आकडा पुस्तकात बघावा. फरक जास्त झाला किंवा चाके उलटी बाहेर फाकली, तर चाक फिरतेही आणि घासतेही. टायर मग खडूसारखा झिजतो.

हे माप घरीही घेता येते. स्टेअरिंग सरळ ठेवा. दोन्ही टायरांवर पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, मधोमध खडूची खूण करा. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. ट्रॅक्टर हळूच पुढे ढकला. चाके अर्धा फेरा फिरून खुणा मागे त्याच उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. मागचे अंतर पुढच्यापेक्षा किंचित जास्त भरले पाहिजे. मागे १३०० मिलिमीटर आणि पुढे १२९६ भरले, तर चाके ४ मिलिमीटर आत आहेत.

माप चुकले तर टाय रॉडचे लॉकनट सैल करून रॉड थोडा फिरवावा. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवावेत. पुन्हा मोजावे. बरोबर आले की नट घट्ट आवळावेत. नट सैल राहिला तर सारे काम फुकट, आणि जीव धोक्यात.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने एकाच हंगामात पुढचे टायर दोनदा बदलले. तो टायरला शिव्या देत होता. दोष होता झिजलेल्या बॉल जॉइंटचा. तो बदलला, माप घेतले आणि टायरचे खाणे थांबले.

आता तुम्हांला लिहिता-वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. एक लहान वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. ग्रीस कधी दिले, हवा किती भरली, चाकांचे माप किती आले, ते तारखेसह लिहा. पुढच्या वेळी माप बदलले तर वहीच सांगेल, कुठेतरी झीज सुरू झाली आहे. डोळ्यांना दिसण्याआधी ते आकड्यांत दिसते. आणि वेळेवर दिसलेला दोष स्वस्तात सुटतो.