शेवाळ मारायची बाटली विकू नका, शेवाळाचा हिशेब सांभाळायची सर्व्हिस विका



तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "सर, अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यात खरा पैसा कशात आहे? मासे विकण्यात की टाक्या विकण्यात?" माझं उत्तर ऐकून काही जण नाराज होतात. दोन्हीत नाही! टाकी एकदाच विकली जाते. मासे अधूनमधून जातात. पण टाकी चांगली ठेवायचं काम दर महिन्याला असतं, आणि दर महिन्याला येणारा पैसाच दुकानाचं भाडं भरतो.

आज आपण खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल, म्हणजे रीफ टँकबद्दल बोलू. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर याला गिऱ्हाईक आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट अलिबागला यायला लागले. किहीम, नागाव, काशीद, मुरूड, जिकडे बघाल तिकडे बंगले आणि होमस्टे. लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून मासे बघितलेला माणूस आता म्हणतो, "माझ्या हॉलमध्ये तसं काहीतरी पाहिजे."

टाकी बसते, कौतुक होतं. आणि तिसऱ्या महिन्यात ती हिरवी होते. कस्टमर वैतागतो, टाकी बंद करतो आणि दहा जणांना सांगतो की या दुकानदाराला काही कळत नाही. म्हणून नीट लक्षात घ्या, शेवाळ आवरता आलं तरच या धंद्यात टिकाल.

शेवाळ हा रोग नाही, जमा-खर्च आहे

बीबीएला शिकलेलं इथे उपयोगी पडतं. टाकीत जेवढं जमा होतं, तेवढं बाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं तर शिल्लक राहतं, आणि त्या शिलकीवर शेवाळ वाढतं. ती शिल्लक मुख्यतः दोन नावांची: नायट्रेट आणि फॉस्फेट.

आकडे बघा. कोरड्या फीडमध्ये साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम फीडमध्ये १० मिलिग्रॅम. फॉस्फेटच्या रूपात मोजलं तर सुमारे ३० मिलिग्रॅम. टाकी २०० लिटरची असेल आणि हे सगळं पाण्यात उतरलं असं धरलं, तर फॉस्फेट ०.१५ पीपीएमने वाढलं. रीफ टँकमध्ये ते साधारण ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान ठेवायचं असतं. म्हणजे एका ग्रॅममध्ये आपण वरची मर्यादा ओलांडली! त्याच ग्रॅममध्ये ४५ टक्के प्रोटीन असेल तर नायट्रेट दीड पीपीएमच्या आसपास वाढतं. काही भाग माशाच्या अंगी लागतो, काही स्किमर काढतो, ते खरं. पण दिशा कळली ना?

आता आपल्याकडची परिस्थिती बघा. मालक शुक्रवारी संध्याकाळी येतो, रविवारी जातो. मधले चार-पाच दिवस टाकी केअरटेकरच्या हातात. तो बिचारा प्रेमाने मूठभर खाद्य टाकतो, कारण मासे काचेजवळ येऊन तोंड उघडतात. त्याला रागावून काही होत नाही. मेडिकलमध्ये सात खणांचा गोळ्यांचा डबा मिळतो. त्यात वारानुसार मोजून फीड भरून द्या आणि सांगा, "दादा, रोज एकच खण. संपला की बास." एवढ्या छोट्या डब्याने जे काम होतं, ते महागड्या बाटलीने होत नाही.

टेस्टमध्ये शून्य, तरी टाकी हिरवी?

नवीन माणूस इथे हमखास फसतो. टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाने आधीच खाऊन टाकलेलं त्यात दिसत नाही. शिवाय टाकीतले दगड चुनखडीसारखे असतात. ते फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतात. म्हणून फॉस्फेट रिमूव्हर टाकला की आकडा उतरतो, आणि थोड्या दिवसांनी परत चढतो. रिमूव्हर वाईट नाही, पण काम काही आठवड्यांचं आहे हे कस्टमरला आधीच सांगा.

आणि शून्य हे आपलं टार्गेट नाही. नायट्रेट ५ ते १० पीपीएम असलं तर बिघडत नाही. दोन्ही आकडे पार शून्यावर नेले की डायनोफ्लॅजेलेट नावाचं वेगळंच संकट येऊ शकतं. तपकिरी, चिकट तारा आणि त्यात हवेचे बुडबुडे. ते काढायला अजून अवघड.

आधी ओळखा, मग हात घाला

तपकिरी पावडरसारखा थर: डायटम. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येतोच. पाण्यातली सिलिका संपली की सहसा आपोआप जातो. काच पुसा आणि थांबा.

हिरवे लांब केस: हे खरं डोकेदुखीचं शेवाळ. दगड बादलीत काढून टूथब्रशने घासा, किंवा टाकीतच घासताना सायफनच्या पाइपने लगेच ओढून घ्या. नुसतं घासून पाण्यात सोडलं तर तुकडे दुसरीकडे रुजतात.

लाल-जांभळी साय: ही सायनोबॅक्टेरिया. नाव काहीही ठेवा, हा जिवाणू आहे, शेवाळ नाही. पाणी फिरत नाही आणि घाण साठते तिथे येते. सायफन करा, पंपाची दिशा बदला. अँटिबायोटिक टाकायचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण त्याने टाकीतल्या उपयोगी जिवाणूंनाही धक्का बसू शकतो आणि घाण तिथेच राहते.

हिरवे चकचकीत फुगे: व्हॅलोनिया. फोडू नका. अख्खा फुगा अलगद सोडवून बाहेर काढा.

गुलाबी-जांभळा कडक थर: हा शत्रू नाही! कोरलाइन शेवाळ म्हणजे टाकी स्थिरावत असल्याची खूण. फक्त समोरची काच साफ करा.

तपकिरी तारा आणि बुडबुडे: वर सांगितलेले डायनो. इथे उलटं करायचं. नायट्रेट-फॉस्फेट थोडं वाढू द्यायचं आणि लाईट कमी करायचा.

बघा, दिसायला सगळंच "शेवाळ", पण उपाय एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून सगळ्यांवर एकच बाटली विकणाऱ्यापासून सावध राहा. तांब्याचं औषध तर रीफ टँकमध्ये नकोच. शंख, कोळंबी, खेकडे त्याने मरतात, आणि मेलेले जीव कुजून पुन्हा शेवाळालाच खाऊ घालतात.

एक उपाय मात्र मजेशीर आहे. शेवाळ वाढवूनच शेवाळ कमी करायचं! अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी १९८० च्या दशकात मोठ्या टाक्यांसाठी असंच केलं. एका जाळीवर भरपूर लाईट देऊन शेवाळ वाढवायचं आणि ठराविक दिवसांनी खरवडून फेकायचं. त्याच्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही टाकीबाहेर. आपणही खालच्या सम्पमध्ये हे करू शकतो. शेवाळाला हॉलमध्ये नाही, परसात जागा द्या.

रायगडचं पाणी

"सर, समुद्र समोरच आहे, मीठ कशाला विकत घ्यायचं?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. म्हणजे किनारा किती उथळ ते बघा. पाणी गढूळ, त्यात धरमतर आणि रेवदंड्याच्या खाड्यांतून येणारा गाळ आणि सांडपाणी. पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याने खारटपणाही उतरतो. टाकीला लागतं स्थिर पाणी, सुमारे १.०२५ घनतेचं. म्हणून रीफ सॉल्ट, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, आणि तेही शुद्ध पाण्यात.

शुद्ध म्हणजे बोअरचं नाही आणि नळाचंही नाही. घरगुती आरओवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका. चवीसाठी बऱ्याच मशीनमध्ये थोडं मूळ पाणी परत मिसळतात. टीडीएस मीटर घ्या आणि आरओच्या पुढे डीआय रेझिन लावून आकडा शून्याजवळ आणा.

का, ते गणिताने सांगतो. नायट्रेट ४० आहे आणि तुम्ही १० टक्के पाणी बदललं, तर ते ३६ होतं. बस, एवढंच! मधे काहीच वाढलं नाही असं धरलं तरी चार वेळा बदलल्यावर २६, आणि निम्म्यावर यायला सात वेळा. आता तुमच्या नव्या पाण्यातच २० नायट्रेट असेल तर? जन्मभर पाणी बदला, २० च्या खाली येणार नाही.

लाईट, आणि लाईट जाणं

टाकीचा लाईट टायमरवर ८ तास पुरे. समुद्राकडच्या मोठ्या खिडकीसमोर टाकी ठेवायचा आग्रह होतो, तिथे नम्रपणे नाही म्हणा. ऊन म्हणजे फुकटचा लाईट आणि वर उष्णता.

दुसरा धोका कोकणात कुणाला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूडकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पंप बंद पडला की काही तासांत प्राणवायू घटतो, जीव मरतात, आणि वीज आल्यावर त्या कुजण्यावर शेवाळाची लाट येते. प्रत्येक टाकीसोबत बॅटरीवरचा एअर पंप द्याच.

ही रेघ ओलांडू नका

भारतात २००१ पासून कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रघोडेही त्यात आहेत. म्हणजे वाघाच्याच रांगेत! मुंबईच्या कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये हाजी अली-वरळीच्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा सरकारी कामालाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग आपण कोण? "लाइव्ह रॉक" म्हणून किनाऱ्यावरचा दगड उचलू नका. "बाहेरून आलंय" या तोंडी शब्दावर काही विकू नका. शंका असेल तर अलिबागच्या वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारा.

आपली टाकी कृत्रिम कोरड्या दगडांवर आणि हॅचरीत जन्मलेल्या माशांवर उभी करा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते. सीएमएफआरआयने ते तंत्र विकसित केलं आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही मँग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. कोरडा दगड म्हणजे मोकळा प्लॉट. त्यावर पहिला कब्जा शेवाळच करतं. म्हणून आपल्या टाकीचा कुरूप काळ लांबतो, कधी कधी सहा महिनेसुद्धा.

मग विकायचं काय?

तो कुरूप काळच विका! अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी कस्टमरला सांगा, "साहेब, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाकी वाईट दिसेल. घाबरू नका, तेव्हा मी येणार आहे." आधी सांगितलं तर ती माहिती असते. नंतर सांगितलं तर तेच कारण देणं वाटतं.

२०० लिटरच्या टाकीला महिन्यात दोन भेटी, दर भेटीला ४० लिटर पाणी बदल. म्हणजे ८० लिटर शुद्ध पाणी आणि सुमारे ३ किलो मीठ. त्यात टेस्टचा खर्च, पेट्रोल आणि प्रवास धरून तुमचे चार-पाच तास मिळवा. आजच्या भावाने हा आकडा काढा, वर तुमचं मार्जिन लावा आणि तोच महिन्याचा चार्ज. तास धरले नाहीत तर तुम्ही फुकट राबताय.

भेटी रस्त्याप्रमाणे लावा. एक दिवस नागाव-रेवदंडा, एक दिवस किहीम-मांडवा. शक्यतो गुरुवार-शुक्रवार, म्हणजे मालक बोटीतून उतरून घरी पोचेल तेव्हा काच स्वच्छ. प्रत्येक भेटीत नायट्रेट, फॉस्फेट, घनता मोजून एका वहीत लिहा, टाकीचा फोटो काढा आणि कस्टमरला व्हॉट्सअ‍ॅप करा. टाकी अजून हिरवी असेल, पण आकडे उतरताना दिसले तर तो थांबतो. त्याचा विश्वास त्या वहीमुळे टिकतो.

सुरुवात एका टाकीने करा, शक्यतो स्वतःच्या दुकानातल्या. सहा महिने तिची वही ठेवा. ती वही समोर ठेवून पहिल्या कस्टमरशी बोला. तुमच्या गावाजवळ किती होमस्टे आणि बंगले आहेत, त्यात किती टाक्या आज बंद पडल्या आहेत, हे या आठवड्यात मोजून या. त्या बंद टाक्यांमध्येच तुमचे पहिले कस्टमर आहेत.

भेटू पुढच्या व्हिडिओत!