धरणारीं आणि चिरणारीं प्रतिपिंडें

ताप उतरतो, तपासणींत विषाणूचा मागमूस उरत नाहीं, तरी माणूस पुष्कळ दिवस पहिल्यासारखा होत नाहीं. कोविड-१९ च्या साथीनंतर हा अनुभव न आलेलें घर विरळाच. शत्रु निघून गेल्यावर हा उपद्रव करितो कोण? याचीं उत्तरें अनेक सुचविलीं गेलीं आहेत. त्यांपैकीं एक इतकें चमत्कारिक आहे कीं, तें वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

विषाणु शरीरांत शिरला म्हणजे रक्तांत प्रतिपिंडें तयार होतात, हें आतां शाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे. प्रतिपिंड हें सांडशीसारखें. विषाणूस घट्ट धरतें आणि तेथेंच अडकून राहतें. याच्या उलट एन्झाइम नांवाचीं प्रथिनें विळीसारखीं असतात. एक फोड चिरली कीं विळी दुसरीस मोकळी. टोपलीभर भाजी चिरली तरी तिचें कांहीं खर्चत नाहीं. सांडशीनें धरावें, विळीनें चिरावें, असाच श्रमविभाग बरींच वर्षें गृहीत धरला जाई.

इ. स. १९६९ सालीं विल्यम जेंक्स या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक युक्ति सुचविली. रेणु तुटण्याच्या ऐन क्षणीं एका ताणलेल्या, अवघडलेल्या स्थितींत असतो. त्या स्थितीशीं जुळणारें प्रतिपिंड मिळालें, तर तें रेणूस तोडूनहि टाकील! १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांत रिचर्ड लर्नर व पीटर शुल्ट्झ यांच्या प्रयोगशाळांनीं स्वतंत्रपणें अशीं प्रतिपिंडें करून दाखविलीं. पुढें १९८९ मध्यें सुधीर पॉल व त्यांच्या सहकाऱ्यांस तसलें प्रतिपिंड माणसाच्या रक्तांतच आढळलें. श्वासनलिका सैल करणारें एक द्रव्य तें तोडीत होतें.

आतां कोविडकडे वळूं. हा विषाणु पेशींत शिरतो तो आपल्या काट्यानें एसीई-टू नांवाच्या प्रथिनास चिकटून. काटा ही किल्ली, एसीई-टू हें कुलूप. किल्लीचा मेणांत ठसा घेतला, तर त्याचा आकार कुलपाच्या आंतल्या बाजूसारखा येणार. काट्यावर बसणारें प्रतिपिंड हा तसाच ठसा होय. तेव्हां तें थोडेंबहुत एसीई-टूसारखें असावें, हें ओघानेंच आलें. आणि एसीई-टू हें नुसतें कुलूप नव्हे, तें स्वतः एक विळीहि आहे. रक्तवाहिन्या आकुंचित करणारें अँजिओटेन्सिन-टू तें कापतें. रक्तदाबाचा तोल राखण्यांत या कापण्याचा वांटा असतो.

अमेरिकेंतील व्हर्जिनिया विद्यापीठांत स्टीव्हन झाइक्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोविडच्या रुग्णांचें रक्त तपासलें, तेव्हां कांहीं थोड्यांच्या प्रतिपिंडांत खरोखरच ही कापण्याची शक्ति आढळली. हें २०२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

ठशाचा तर्क कितीहि गोड वाटला तरी त्यांत एक खोंच आहे. काटा एसीई-टूच्या ज्या बाजूस टेकतो ती जागा निराळी, आणि कापणारी फट निराळी. मग ठशास धार आली कोठून? नुसत्या आकारसाम्यानें हें उलगडत नाहीं, आणि उलगडलें असा आव आणणारांवर आम्ही तरी भरंवसा ठेवणार नाहीं.

तरीहि प्रश्न सोडून देण्याजोगा नाहीं. रक्तांतील मुख्य प्रकारचें प्रतिपिंड निम्म्यानें कमी व्हावयास सुमारें तीन आठवडे लागतात, आणि तें घडविणाऱ्या कांहीं पेशी त्यानंतरहि काम चालूच ठेवितात. विषाणु गेल्यावरहि विळी मांडलेलीच राहिली, तर रेंगाळणाऱ्या दुखण्याचा थोडा तरी उगम तेथें असेल काय, हें संशोधक पाहूं इच्छितात. उत्तर होकारार्थी निघालें, तर रुग्णाची तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावतां येणार नाहीं. ती रक्ताच्या नळींत मोजतां येईल.