रॅम घेण्याआधी

दुकानातून तयार आणलेला डेस्कटॉप रेंगाळू लागला, की पहिला सल्ला मिळतो: रॅम वाढवा. आधी गरज तपासा. नेहमीची कामं चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'मेमरी' उघडा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तरच खर्चाला अर्थ आहे. रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत, तेही बहुधा तिथेच दिसतं.

फसगत होते ती प्रकारात. डीडीआर४च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसतच नाही. पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते. तिथे जोर लावू नका, स्लॉट तुटेल. अगदी छोट्या डेस्कटॉपना तर पुष्कळदा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. म्हणून मॉडेल क्रमांक लिहून घेऊनच दुकानात जा. जास्त वेगाची महागडी पट्टी जुन्या पट्टीशेजारी लावली, तर दोन्ही कमी वेगानेच चालतात. ते पैसे वाया.

घरच्या आणि ऑफिसच्या कामाला १६ जीबी पुरेत. त्यातही ८च्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, कारण प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवाणघेवाण करतो. मात्र विंडोज अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल, तर आधी एसएसडी बसवा, रॅम नंतर.