दोन बोटांची जागा

पेडणे तालुक्यात आमची काजूची बाग आहे. घरापासून वर बागेत जायचे तर जांभ्या दगडाचा उभा चढ. मार्च ते मे हा हंगाम, आणि या तीन महिन्यांत बाबा रोज सकाळी तो चढ चढायचे. बोंडू झाडावरून काढायचा नसतो, पिकून आपोआप पडलेला वेचायचा असतो. त्यामुळे एक दिवस खाडा केला तरी माल कुजतो. दोन वर्षांपूर्वी बाबांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितली. मी म्हटले, "बाग खंडाने देऊन टाकूया." बाबा काही बोलले नाहीत. नंतर आठवडाभर ते अंगणातच बसून राहिले, ते मात्र मला बघवले नाही.

म्हणून आम्ही एक जुनी, लहान एटीव्ही घेतली. चार जाड चाके, क्लच नाही, ब्रेक हाताने. अशी गाडी आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही आणि गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे तर गुन्हाच आहे. आमची गाडी बागेच्या गडग्याबाहेर जात नाही. तिच्या आधीच्या मालकाने मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले होते. सपाटीवर काही कळायचे नाही. पण चढावर हँडल पूर्ण वळवले की पुढचा टायर प्लास्टिकच्या मडगार्डला घासायचा. एकदा तर उतरणीच्या वळणावर हँडल क्षणभर अडकले. बाबा पडले नाहीत, पण घरी आल्यावर आईने किल्ली काढून घेतली. मडगार्ड तरी कापायचे, नाहीतर गाडी विकायची.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. माझ्या कामात चूक झाली तर मागे घेता येते. प्लास्टिक कापताना ती सोय नसते, हे मला उजव्या मडगार्डने शिकवले. अंदाजाने रेघ मारली आणि सरळ ग्राइंडर लावला. प्लास्टिक कापले जायच्याऐवजी वितळले. कडेला काळपट गाठी झाल्या, धूर झाला, घरभर वास सुटला. शिवाय सोपे पडेल म्हणून मी चौकोनी खाच कापली. पंधरा दिवसांत त्या खाचेच्या कोपऱ्यातून बोटभर तडा गेला.

मडगार्ड काढून मी डिचोलीला माझ्या सासुरवाडीला नेले. तिथे शेजारी एक मेकॅनिक राहतात. त्यांनी खाणीच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे काढली. 2012 साली गोव्यातले खाणकाम थांबले तेव्हापासून ते घरीच लहानसे गॅरेज चालवतात. त्यांनी मडगार्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "कितें केलें रे हें?" मग शांतपणे सगळे समजावले.

मडगार्ड उलटे केले की आतल्या बाजूला बहुधा लहान अक्षरे कोरलेली असतात. आमच्यावर 'पीपी' होते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हे साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळते. जोरात फिरणाऱ्या चकतीच्या घर्षणाने तेवढी उष्णता सहज तयार होते. म्हणून इथे वेगाचे हत्यार नको. बारीक दातांचे हॅकसॉ ब्लेड हाताने, सावकाश चालवायचे. दुसरी गोष्ट कोपऱ्याची. आतला कोपरा टोकदार असला की सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात तेही याचसाठी. माझ्या तड्याच्या अगदी टोकाला त्यांनी चार मिलिमीटरचे भोक पाडले. तडा गोल भोकाशी पोचला की ताण पसरतो आणि सहसा पुढे सरकत नाही. चौकोनी खाच त्यांनी वाटी ठेवून गोल आखून दिली.

डावे मडगार्ड मी त्यांच्या पद्धतीने घरीच केले. ज्यांना करायचे असेल त्यांच्यासाठी क्रम सांगतो.

आधी नेमके कुठे घासते ते शोधायचे. टायरवर भरपूर खडू लावला, भावाला गाडीवर बसवले आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवले. माणूस बसलेला असणे महत्त्वाचे. एटीव्हीच्या टायरमध्ये स्कूटरच्या मानाने फार कमी हवा असते, त्यामुळे वजन पडले की टायर फुगतो आणि गाडीही खाली बसते. मडगार्डला खडू लागला तेवढाच भाग कापायचा, वर दोन बोटांची जागा. मडगार्ड सोडवून घ्यायचे, धुऊन कोरडे करायचे, मास्किंग टेप लावून तिच्यावर रेघ मारायची. दुसऱ्या बाजूसाठी कागदाचा खाका कापून उलटा लावायचा. माप बोल्टच्या भोकांपासून घ्यायचे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात.

कापताना रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडायचे. मग सुरीची धार कडेवर उभी धरून ओढायची, की उरलेली कुसे निघतात. त्यानंतर पॉलिश पेपर: आधी 120, मग 240, शेवटी 400 नंबरचा पाण्यात भिजवून. घासून पांढरट झालेल्या कडेवरून हीट गन लांबून, हात हलता ठेवून फिरवली की मूळ काळा रंग परत येतो. एकाच जागी धरली तर कड वाकते. मी एका जागी वाकवली आहे, आणि ती दिसते.

रंग लावायच्या भानगडीत पडू नका. पीपीवर रंग आणि गोंद नीट धरत नाहीत, त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो. मी कडेला यू आकाराचे रबरी बीडिंग बसवले. चष्मा आणि मास्क घाला. खाली जुनी चादर पसरा आणि प्लास्टिकचा चुरा गोळा करून कोरड्या कचऱ्यात द्या. जाळू नका, बागेत तर मुळीच टाकू नका.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. पुढचे मडगार्ड चिखल आणि दगड तोंडावर येऊ देत नाही. पाय ठेवायच्या जागेचा आणि मागच्या चाकाजवळचा भाग तुमचा पाय चाकाखाली जाऊ देत नाही. तिथे हात लावायचा नाही. कितीही घासत असले तरी नाही. तिथे टायरच बदलायचा. आणि कापल्यावर आधी स्वतः चालवून पाहायचे, मगच घरच्या माणसाच्या हाती द्यायचे.

मी तीन दिवस चढउतार करून पाहिली. दर खेपेला टायरला नवा खडू लावला. मडगार्डवर एकदाही उमटला नाही. मग बाबांना विचारले, आता बसणार का? "मागीर पळोवया," म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंगणात गाडी नव्हती. हेल्मेटही खुंटीवर नव्हते. आईने किल्ली कधी दिली, ते तिने मला अजून सांगितलेले नाही. तासाभराने बाबा हळूहळू उतरणीवरून आले. मागच्या कॅरियरवर बोंडूंची बादली दोरीने घट्ट बांधलेली होती. गाडी थांबवून त्यांनी आधी वाकून डाव्या मडगार्डची कड बोटाने चाचपली, मग उजव्याची.

"डावे बरे झाले आहे," ते म्हणाले.

उजव्याबद्दल काही बोलले नाहीत. चार मिलिमीटरचे ते भोक अजून तिथेच आहे, आणि तडा त्याच्या पुढे गेलेला नाही.