उन्हाळी आणि निरुपद्रवी जंतू

उन्हाळी लागणे हा आपल्याकडे चारचौघांत न बोलण्याचा विकार आहे. लघवीला आग होते, पुन्हा पुन्हा जावे लागते, ओटीपोट दुखते. तरी धण्याच्या पाण्यावर दिवस काढले जातात. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरसारख्या ठिकाणी रोवणीच्या दिवसांत बाई बांधीत दिवसभर वाकलेली असते. आडोसा नाही, म्हणून ती पाणी कमी पिते आणि लघवी तुंबवते. औषधाने बरे वाटते खरे, पण काहींना वर्षातून तीनचारदा तेच दुखणे येते. आणि दर वेळी प्रतिजैविके घेतली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात.

ह्यावर एक वाट स्वीडनमध्ये सापडली. गोथेनबर्गच्या एका शाळकरी मुलीच्या मूत्राशयात ई. कोलाय जंतू तीन वर्षे नांदत होते, आणि तिला त्रास मुळीच नव्हता. त्या वाणाला ८३९७२ हा क्रमांक मिळाला. ई. कोलाय हाच बहुधा ह्या विकाराचा अपराधी. मग हा एवढा गरीब कसा? रोगकारक जंतू सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. ह्या वाणाची ते तंतू बनविण्याची सामग्रीच मोडलेली आहे. तो लघवीत वाढतो, पण भिंत धरीत नाही.

लुंडच्या डॉक्टरांनी, मूत्राशय पुरते रिकामे न होणाऱ्या रुग्णांत, आधीचे जंतू काढून हा वाण बारीक नळीने सोडला. २०१० साली २० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. हा जंतू नसताना पहिला हल्ला मध्यमानाने ५.७ महिन्यांनी आला, असताना ११.३ महिन्यांनी. बांधीत पाणी भरलेले असले की तणाला वाव राहत नाही, तसेच काहीसे हे आहे. मात्र निरोगी मूत्राशयातून हा जंतू सहज धुऊन जातो.

स्त्रियांसाठी सिएटल येथे योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस हा जंतू योजून पाहिला (२०११). तो दिलेल्या ४८ जणींपैकी ७ जणींना दुखणे उलटले. नुसती गोळी दिलेल्या ४८ पैकी १३ जणींना. आकडे लहान आहेत, निकाल पक्का नव्हे. आणि दह्यातले जंतू निराळे. दही खाऊन उन्हाळी टळते, असे ह्यावरून कोणी समजू नये.

आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे: लघवीत जंतू दिसले, पण त्रास काहीच नाही, तर बहुधा औषध लागत नाही. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. तिचे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढू शकतात. तिला त्रास नसला तरी डॉक्टरी उपचार हवेच.